उडणाऱ्या बाईचा तोल

२०१४ साली मार्व्हलने ‘स्पायडर-वूमन’च्या पहिल्या अंकासाठी एक पर्यायी मुखपृष्ठ जाहीर केलं. चित्रकार इटलीचा मिलो मानारा, कामुक चित्रकथांसाठी जगभर ओळखला जाणारा. उंच इमारतीच्या कडेवर नायिका हातापायांवर रांगत आली आहे. नितंब वर काढलेले, आणि पोशाख असा की अंगावर नुसता रंग चढवला असावा. त्यावर मोठा गदारोळ झाला. बचाव करणारे म्हणाले, स्पायडर-मॅनही असाच रांगतो. रांगतो हे खरं. पण त्याच्या चांगल्या चित्रांत भार तळव्यांवर आणि पायाच्या बोटांवर आलेला दिसतो, पुढच्या क्षणी तो झेप घेणार हे कळतं. मानाराच्या नायिकेला कुठेच जायचं नाही.

‘माणूस उडतो तिथे वास्तव कसलं मागता?’ हा प्रश्न अशा वेळी हमखास विचारला जातो. उडणं ही गोष्टीची अट आहे आणि वाचक ती पहिल्या पानावरच मान्य करतो. बाकीचं शरीर मात्र त्याच्या ओळखीचंच लागतं: मणका, वजन, तोल, थकवा. १९९०च्या दशकात अमेरिकन कॉमिकमध्ये स्नायूंच्या रेघा, सावल्या, चकाकी वाढली. त्यालाच वास्तव म्हणायची पद्धत पडली. त्याच काळात नायिकेचा मणका इतका पिळला गेला की छाती आणि नितंब एकाच वेळी वाचकाकडे वळावेत. २०१२ मध्ये काही चित्रकारांनी हॉकआय या पुरुष नायकाला तशाच पवित्र्यांत काढून दाखवलं, तेव्हा त्या शरीरांतला खोटेपणा लपला नाही. पुरुषही कॉमिकमध्ये जवळजवळ उघडेच असतात, हे खरं. पण त्यांचं शरीर काहीतरी करत असतं, बाईचं शरीर दिसत असतं. माझी तक्रार या फरकाबद्दल आहे.

हे सगळं परदेशातून आलं असं म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड हे आपल्या घरचे महानायक. त्यांच्या मुखपृष्ठांसाठी रघुवीर मुळगावकरांचा कुंचला चालला आणि देवादिकांच्या कॅलेंडरांसाठीही तोच. त्या तुकतुकीत, गोलाईदार स्त्रीवर मराठी डोळा वाढला. १९६७ साली अनंत पैंनी मुंबईत ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. तिच्यासाठी चित्रं काढणाऱ्या राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशा चित्रकारांच्या हातांत ही परंपरा मुरलेली होती. घट्ट चोळी, उघडं पोट, मुठीत मावेल अशी कंबर. पुराणाच्या नावाने हे घरात आलं आणि आईबापांनीच ते मुलांच्या हाती दिलं. पुण्याच्या याच मुळीकांनी १९८६ मध्ये राज कॉमिक्सचा ‘नागराज’ चितारला. सुपरहिरोंच्या आणि पुराणांच्या बायका एकाच रेषेतून उतरल्या, हे आपल्या समीक्षेने फारसं मनावर घेतलेलं नाही.

उलट बाजूही आपल्याकडेच होती. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ मध्ये सुरू केलेल्या ‘इंद्रजाल’मधला वेताळ अंगाला चिकटलेल्या पोशाखात फिरे, पण त्याची डायना ऑलिंपिकमधली सूर मारणारी खेळाडू होती, संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करणारी होती. आणि १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, तो भगवा कुर्ता आणि जीन्स घालून. रेखाटन गोविंद ब्राह्मणियांचं. चंबळच्या दरोडेखोरांशी लढायला त्याला चड्डीवर चड्डी घालावी लागली नाही, आणि त्याच्यासोबत मारामारीत उतरणाऱ्या बेलालाही अंग दाखवत फिरावं लागलं नाही. मला आजही ती पानं अभ्यासाची वाटतात.

कामाचं शरीर कसं असतं हे ज्याला काढायचं असेल त्याने हंगामात सोनपेठला यावं. गोदाकाठच्या उसात तोड चालू असते. बाईने नेसत्या साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा चढवलेला असतो, कारण उसाचं पान सुरीसारखं कापतं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी, आणि ट्रकला लावलेल्या फळीवरून ती वर चढते. मान ताठ, एक हात मोळीला, पायाची बोटं फळीत रुतलेली, पोटरी फुगलेली. पोशाख कामाने ठरवला आहे आणि पवित्रा वजनाने. अमानवी ताकदीची बाई काढायला निघालेल्या चित्रकाराला याहून चांगला नमुना मिळायचा नाही. आगीतून आणि फुटलेल्या काचांतून धावणाऱ्या नायिकेच्या मांड्या उघड्या ठेवणाऱ्याने हा सदरा एकदा जवळून पाहावा.

असा विचार मुख्य प्रवाहात अजिबात होत नाही असं नाही. मानाराच्या मुखपृष्ठाच्याच वर्षी मार्व्हलने कमला खान ही जर्सी सिटीतली पाकिस्तानी वंशाची मुलगी ‘मिस मार्व्हल’ म्हणून आणली. लेखिका जी. विलो विल्सन, चित्रकार एड्रियन अल्फोना. शक्ती येताच कमला आधी सोनेरी केसांच्या जुन्या नायिकेचं रूप घेते आणि तो तोकडा पोशाख टोचतो, काचतो हे तिला लगेच कळतं. पुढे ती बुर्किनीतून स्वतःचा पोशाख तयार करते. बाईच्या अंगाला आतून काय जाणवतं ते इथे कथेत आलं, आणि अल्फोनाने तिला शाळकरी मुलीचे लुकडे हातपायही दिले.

२०१४ मध्येच मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये ‘प्रियाज शक्ती’ प्रसिद्ध झालं. बलात्कार सोसलेली खेड्यातली प्रिया वाघावर बसून परत येते. २०१६ च्या ‘प्रियाज मिरर’मध्ये ती ॲसिडहल्ला झालेल्या बायकांसोबत उभी राहते, आणि त्याच्या लेखनात पारोमिता व्होरा होत्या. अत्याचार चितारताना कॅमेऱ्याची हावरी नजर टाळता येते, हे या अंकांनी दाखवलं. माझी अडचण वेगळी आहे. प्रिया बोलते फार. तिच्या शब्दांनी लोकांचं मन बदलतं, तिच्या अंगाच्या जोराने काही घडताना क्वचितच दिसतं. देहाचं प्रदर्शन टाळताना देहाची ताकदही पानावरून निसटली आहे. ती परत आणणारा चित्रकार मला मराठीत हवा आहे.