पश्चात्ताप नव्हे, संवर

पालि ग्रंथांच्या मराठी निवेदनांत ‘पश्चात्ताप’ हा एकच शब्द सर्वत्र योजला जातो. अंगुलिमाल पश्चात्तापदग्ध होतो, अजातशत्रूला पश्चात्ताप होतो, कलिंगयुद्धानंतर सम्राट अशोकालाही पश्चात्तापच होतो. या सरधोपट वापरामुळे मूळ विचार झाकला जातो.

पश्चात् म्हणजे नंतर आणि ताप म्हणजे पोळणे. हा शब्द वेदनेपाशीच थांबतो. पालीत या वेदनेला ‘विप्पटिसार’ म्हणतात. कृत व अकृत कर्मांविषयीच्या बेचैनीला ‘कुक्कुच्च’ ही संज्ञा असून तिची गणना पाच नीवरणांत होते. म्हणजे ती चित्ताच्या वाटेतील अडसर ठरते. अंगुत्तरनिकायात तर कुशल शीलाचे फळ ‘अविप्पटिसार’ असे सांगितले आहे. ज्याचा अभाव हे शीलाचे फळ, त्यालाच सद्गुण कसे म्हणावे?

मग अपराध घडलेल्याने काय करावे? संयुत्तनिकायातील संखधमसुत्त सांगते की, हळहळल्याने केलेले कर्म न केलेले होत नाही. म्हणून ते सोडावे व पुढे त्यापासून विरत राहावे. सामञ्ञफलसुत्तात पितृघातकी अजातशत्रू अपराध कबूल करतो. तथागत ती कबुली स्वीकारतात व भावी संयमाचे, म्हणजे ‘संवरा’चे, महत्त्व सांगतात. तथापि तो गेल्यावर, पितृवधामुळेच त्याला धम्मचक्षू लाभला नाही, हेही ते भिक्खूंना सांगतात. कबुलीने कर्म पुसले जात नाही.

शिरोळ तालुक्यातील नृसिंहवाडीस कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पापक्षालनासाठी स्नान करणारे भाविक आपण पाहतो. वत्थूपमसुत्तात तथागतांनी सुंदरिक भारद्वाज ब्राह्मणास, नदी पापकर्म्याला शुद्ध करीत नाही, असे बजावले आहे. आचरण न बदलता ढाळलेले अश्रू हेही असेच स्नान होय.

म्हणून अनुवादकांनी विप्पटिसारास ‘पश्चात्ताप’, कुक्कुच्चास ‘बेचैनी’, अच्चयदेसनेस ‘अपराधाची कबुली’ आणि संवरास ‘संयम’ म्हणावे. हा केवळ शब्दांचा वाद नाही. अस्पृश्यतेबद्दल सवर्ण समाजाने वेळोवेळी व्यक्त केलेल्या खंतीलाही हीच कसोटी लावली पाहिजे: खंतीमागून संवर आला काय?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांकडून कोणतेही प्रायश्चित्त घेवविले नाही. त्यांनी २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यांत जुने टाकण्याचा व नवे आचरण्याचा निर्धार आहे. धम्माच्या परिभाषेत त्यालाच संवर म्हणतात.