अंड्याच्या रंगाचा तक्ता आणि पनेटचा चौकोन

काही तक्ते एका विज्ञान प्रदर्शनातून दुसऱ्या प्रदर्शनात वर्षानुवर्षे फिरत राहतात. मुले बदलतात, पुठ्ठा नवा येतो, तक्ता तोच. असाच एक तक्ता धरमपेठेतील एका शाळेत आमच्यापुढे आला. डावीकडे तपकिरी अंडे, उजवीकडे पांढरे अंडे, मध्ये गुणाकाराचे चिन्ह. खाली पहिल्या पिढीची सगळी अंडी तपकिरी आणि त्याखाली पनेटच्या चौकोनात तीन तपकिरी, एक पांढरे. मेंडेलच्या वाटाण्यांच्या जागी अंडी मांडली, एवढेच. रेखाटन सुबक होते. मात्र कोंबडी असे करत नाही.

मुळात हा संकर कोणाचा? अंड्याशी अंड्याचा संकर होत नसतो. तो कोंबडा आणि कोंबडी यांचा होतो. ऱ्होड आयलंड रेड जातीची कोंबडी तपकिरी अंडी देते. तिच्या खुराड्यात व्हाईट लेगहॉर्नचा कोंबडा सोडला, तरी ती तपकिरीच अंडी देत राहील. बीजांड अंडवाहिनीतून खाली सरकते तेव्हा त्याभोवती आधी पांढरा बलक, मग पातळ पापुद्रे आणि शेवटी कवच चढते. कवच-ग्रंथीत अंडे सुमारे वीस तास असते आणि तपकिरी रंगाचा बराचसा भाग अंडे बाहेर पडण्याआधीच्या शेवटच्या काही तासांत चढतो. हे सगळे काम आईच्या शरीराचे. आतल्या गर्भाला बापाकडून काय मिळाले, याचा त्या कवचाशी संबंध नाही.

म्हणजे संकराचा परिणाम पाहायचा तर त्या अंड्यातून निघालेल्या पिलांपैकी माद्या वाढू द्याव्या लागतात. एकवीस दिवस उबवणीचे, पुढे पाच-सहा महिने वाढीचे, मग तलंग पहिले अंडे घालते. दुसऱ्या पिढीसाठी पुन्हा तेवढाच काळ. तक्त्यातल्या दोन ओळींना प्रत्यक्षात वर्षाहून अधिक लागते. शिवाय निम्मी पिले नर. ते अंडी घालत नाहीत, पण रंगाची जनुके त्यांच्याकडेही असतात आणि मुलींना मिळतात. वळू दूध देत नाही, तरी त्याच्या कालवडी किती दूध देतात यावरून त्याची पारख होते, हे विदर्भातल्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असते. कोंबड्याचेही तसेच. तक्त्यात कोंबडा कुठेच नव्हता!

आता रंगाकडे वळू. तक्ता समजावणाऱ्या मुलीने मध्येच सांगितले की, तिच्या मामाकडे तपकिरी अंड्यांच्या कोंबड्यांत लेगहॉर्नचा कोंबडा ठेवला होता आणि त्या तलंगांची अंडी धड पांढरी नाहीत, धड तपकिरी नाहीत, सायीसारखी आहेत. शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकांनी तिला हळूच थांबवले : तक्त्यात आहे तेवढेच सांग. त्या दालनातले सर्वांत चांगले निरीक्षण असे अर्ध्यावर राहिले. मुलीचे म्हणणे बरोबर होते. या संकरातून सहसा मधल्या, फिकट छटेचीच अंडी मिळतात. तपकिरी रंग म्हणजे प्रोटोपॉर्फिरिन हे रक्तातल्या हीमशी नाते सांगणारे रंगद्रव्य. ते किती तयार व्हावे आणि कवचावर किती चढावे हे एक जनुक ठरवत नाही. अनेक जनुकांचा त्यात थोडाथोडा वाटा असतो. त्यामुळे दुसऱ्या पिढीत तीनास एक अशी स्वच्छ विभागणी न होता फिकटापासून गडदापर्यंत छटांची रांग लागते, जशी वर्गातल्या मुलांच्या उंचीची लागते. त्यात भर म्हणजे एकाच कोंबडीची अंडी तिचे वय वाढते तशी फिकट होत जातात आणि ती घाबरली वा आजारी पडली तरी रंग उतरतो. असा गुण 'प्रभावी' आणि 'अप्रभावी' या दोन खणांत बसवणे म्हणजे हिरव्या-पिवळ्या वाटाण्यांचे माप सगळ्या सृष्टीला लावणे होय.

गंमत अशी की, ज्यांच्या नावाचा चौकोन तक्त्यात होता त्या रेजिनाल्ड पनेट यांनीच कोंबड्यांवर आणि अंड्यांच्या रंगावर काम केले होते. चौकोनात बसणारा रंगही त्यांना सापडला, पण तो तपकिरी नव्हे, निळा. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या कोंबड्यांची अंडी निळी असतात. हा रंग एकाच प्रभावी जनुकाने येतो, असे पनेट यांनी 1933 साली दाखवले. निळ्या अंड्यांच्या शुद्ध वाणाचा पांढऱ्या अंड्यांच्या वाणाशी संकर केला तर पहिल्या पिढीतल्या सगळ्या माद्या निळी अंडी देतात; त्यांची पिढी पुढे नेली की दर चारांतल्या सुमारे तिघी निळी आणि एक पांढरी. तक्ता करायचाच तर हा करावा. या गुणाचे मूळ 2013 साली उलगडले : एका विषाणूचा तुकडा कोंबडीच्या जनुकसंचात एका जनुकाशेजारी जाऊन बसला आणि ते जनुक कवच-ग्रंथीत काम करू लागले. चिली आणि चीनमधल्या कोंबड्यांत ही घटना स्वतंत्रपणे घडली आहे.

निळ्याचा तपकिरीशी संकर केला तर? अंडी शेवाळी हिरवी होतात. निळे रंगद्रव्य, बिलिव्हर्डिन, कवचाच्या पूर्ण जाडीत मुरलेले असते. तपकिरी मुख्यतः वरच्या थरात. एकावर एक दोन रंग दिल्यासारखे हे होते. निळी अंडी नागपुरात सहज मिळणार नाहीत, पण तपकिरी मिळतात. त्यांचे कवच आतून पाहा, ते पांढरेच दिसेल. अंडे काही मिनिटे व्हिनेगारमध्ये ठेवून चोळले तर तपकिरी थर निघू लागतो. नोटा तपासण्याच्या अतिनील दिव्याखाली अंधारात धरले तर तेच कवच लालसर चमकते. ती प्रोटोपॉर्फिरिनची खूण. (दिव्याकडे मुलांनी थेट पाहू नये.)

तपकिरी अंड्यांचा आणखी एक तक्ता बाजारात तोंडी चालतो : तपकिरी म्हणजे गावरानी, गावरानी म्हणजे पौष्टिक. गोकुळपेठ बाजारात दोन पैसे जास्त देणारे गिऱ्हाईक याच समजुतीवर देते. परंतु गिरिराज आणि वनराज या सुधारित, संकरातून घडवलेल्या कोंबड्याही तपकिरी अंडी देतात, तर पुष्कळ देशी कोंबड्यांची अंडी सायीच्या रंगाची असतात. मांस काळे असलेल्या कडकनाथचे अंडेसुद्धा काळे नसते, फिकट बदामी असते. कवचाच्या रंगावरून वंश ओळखता येत नाही आणि आतले पोषणही कळत नाही. पोषण खाद्यावर अवलंबून असते. कानाच्या पाळीवरून अंड्याचा रंग सांगण्याची युक्तीही अशीच अर्धवट आहे : स्पेनमधल्या पेनेडेसेन्का जातीची पाळी पांढरी आणि अंडी गडद तपकिरी.

मग वर्गात कोंबडी वापरूच नये का? जरूर वापरावी. मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात, हे विल्यम बेटसन यांनी 1902 साली दाखवले ते कोंबड्यांवरच, त्यांच्या तुऱ्यांच्या आकारावरून. तुरा नर-मादी दोघांनाही असतो, पिलू वाढू लागले की दिसतो आणि अंड्यांची वाट पाहावी लागत नाही. अंड्याच्या रंगासाठी चौकोन बाजूला ठेवून मुलांना तीस अंडी फिकटापासून गडदापर्यंत ओळीने लावायला सांगावे आणि तपकिरी कुठे सुरू होते ते विचारावे. दोन गटांनी दोन ठिकाणी रेघ मारली, तर ती पुसू नये.