शोपँचीं पत्रें आणि मँचेस्टरचें धुराडें

प्रवासी कलावंतानें पाहिलेलें शहर हें बहुधा त्याच्या यजमानाचें शहर असतें. पोलिश संगीतकार शोपँ याचीं १८४८ सालचीं पत्रें वाचतांना आम्हांस याचाच प्रत्यय आला. आजारानें खंगलेला हा पियानोवादक पॅरिसमधील क्रांतीनंतर उपजीविकेसाठीं इंग्लंडांत आला होता. २८ ऑगस्ट रोजीं त्याचें मँचेस्टर येथें वादन झालें. शहराची हवा धुरानें कोंदलेली. म्हणून मुक्काम बाहेर, क्रम्प्सॉल येथें, छापील कापडाचे कारखानदार सॅलिस श्वाबे यांच्या घरीं. यजमानांचें एक धुराडें ५,००० पौंडांचें आहे, हें तो आवर्जून कळवितो. त्याखालीं राबणाऱ्या माणसांकडे त्याची दृष्टि वळत नाहीं. याच शहरांतील कामकऱ्यांची हलाखी सांगणारें एंगेल्सचें पुस्तक तर १८४५ सालींच प्रसिद्ध झालेलें होतें.

यास्तव शोपँस दोष द्यावा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. जिना चढावयासही ज्याला नोकरानें उचलून न्यावें लागे, त्यानें गल्लीबोळ कसे धुंडाळावे? परंतु ज्या धुरापासून या पाहुण्यास जपलें, त्याच धुरांतून त्याची ६० पौंडांची बिदागी निघाली होती. कलेचा आश्रय कोणाच्या घामावर उभा असतो, हें या दोन आंकड्यांइतकें स्पष्टपणें लांबलचक वर्णनानेंही कळलें नसतें. शोपँनें ते सहज लिहून ठेवले, यांतच या पत्रांचें मोल आहे. मुंबईच्या गिरण्यांचीं धुराडीं पाहिलेल्या वाचकास याहून अधिक सांगणें नलगे.