स्तोत्रसंहिता

बायबलच्या ‘जुन्या करारा’तील १५० धार्मिक काव्यांचा संग्रह. हिब्रू संहितेतील ७३ स्तोत्रांच्या शीर्षकांत दावीद राजाचे नाव येते. तथापि ही रचना अनेक शतकांत, अनेक हातांनी झाली, असे अभ्यासक मानतात. ‘तेहिल्लीम’ ह्या हिब्रू नावाचा अर्थ ‘स्तुतिगीते’ असा असला, तरी संग्रहात विलापगीतांचाच भरणा मोठा आहे. जर्मन पंडित हेर्मान गुंकेल (१८६२–१९३२) ह्याने वैयक्तिक विलापगीतांना संग्रहाचा गाभाच मानले. मार्गदर्शनासाठी ह्या ग्रंथाकडे वळणाऱ्याने ही विसंगती ध्यानात घ्यावयास हवी. १ल्या व ११९ व्या स्तोत्रांत नियमशास्त्राचा गौरव आहे (११९ वे तर काहीसे कंटाळवाणेच आहे). परंतु ग्रंथाचे खरे सामर्थ्य उपदेशात नसून, ईश्वराविरुद्धची तक्रारही ईश्वरालाच सांगण्याच्या धिटाईत आहे. बहुतेक विलाप अखेरीस विश्वासाकडे वळतात. ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते. १३७ व्याच्या शेवटी बॅबिलनच्या तान्ह्या मुलांना खडकावर आपटणाऱ्यास धन्य म्हटले आहे. रोमन कॅथलिक पंथाच्या १९७१ च्या सुधारित नित्यप्रार्थनेतून हा भाग, तसेच ५८, ८३ व १०९ ही संपूर्ण स्तोत्रे वगळण्यात आली. उपासकांची अडचण समजण्याजोगी आहे. पण पीडितांचा संताप गाळल्याने उरलेले सांत्वन फार सोपे होते. ८८ वे स्तोत्र मात्र कायम ठेवलेले असून ते दर शुक्रवारी निजण्यापूर्वीच्या प्रार्थनेत म्हटले जाते.