भोक पडतं का?

पडद्याच्या दांड्यासाठी ड्रिल मशीन घ्यायचं ठरलं आणि मी परीक्षणं वाचायला बसलो. एकाने खोक्याचं कौतुक केलं होतं, दुसऱ्याने रंगाचं. ६०० वॅट, १३ मिलिमीटरचा चक, हे सगळं खोक्यावर छापलेलंच असतं हो! खिडकीवरच्या काँक्रीटच्या लिंटलमध्ये भोक पडतं का, किती वेळात, कार्बन ब्रश झिजले तर मिळतात कुठे, हे कोणी बोलेना. शेवटी एका गृहस्थांच्या चार ओळी सापडल्या : विटेत सुरेख जातं, काँक्रीटमध्ये दोन भोकांत हात भरून आले, तिथे रोटरी हॅमरच हवा. शुद्धलेखनाच्या पाच चुका, पण या माणसाने भिंत पाहिली होती! दांडा अजून कोपऱ्यात उभा आहे. सौ. परीक्षणं वाचत नाही, दांड्याकडे बघते.