बाल आरोग्य तपासणीची सूची आणि वृषण-अवतरण : एक चिकित्सा

गर्भाच्या उदरात मूत्रपिंडाजवळ निर्माण झालेले वृषण दोन टप्प्यांत खाली येतात. साधारणतः ८ ते १५ व्या आठवड्यांत गुबर्नाक्युलम हा बंध फुगून त्यांना जांघेजवळ स्थिर ठेवतो. पुढे २५ ते ३५ व्या आठवड्यांत टेस्टोस्टेरॉनच्या प्रभावाने ते वृषणकोशात उतरतात. पूर्ण दिवसांच्या शेकडा सुमारे ३ मुलग्यांत जन्मवेळी हे अवतरण अपुरे असते. अपुऱ्या दिवसांच्या मुलग्यांत हे प्रमाण बरेच अधिक असते.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या मूळ सूचीत ३० विकार आहेत. दुभंगलेले ओठ, वाकडे पाऊल, जन्मजात मोतीबिंदू त्यांत आढळतात. न उतरलेले वृषण आढळत नाहीत. ही उणीव किरकोळ नाही. सहा महिन्यांनंतर वृषण आपोआप उतरण्याची शक्यता अल्प असते, म्हणून शस्त्रक्रिया ६ ते १८ महिन्यांच्या दरम्यान करावी, असे वैद्यकीय मत आहे. विलंब झाल्यास प्रजननक्षमतेची हानी होते व कर्करोगाचा धोका वाढतो. शाळेतील तपासणीपर्यंत ही मुदत उलटून गेलेली असते.

सेनगाव, कळमनुरीसारख्या ग्रामीण तालुक्यांत अंगणवाडीतील तपासणीचे मोल मोठे आहे. तेथे सूचीत नाव नसले की संकोचाला आधार मिळतो आणि लंगोट न सोडताच बालक ‘निरोगी’ ठरू शकते. वस्तुतः या तपासणीस यंत्र लागत नाही. प्रशिक्षित, उबदार हात पुरेसा असतो. जन्मवेळी आणि नवव्या महिन्यातील गोवर-रुबेला लसीच्या वेळी अशी नोंद अनिवार्य करणे, हीच या सूचीची आवश्यक दुरुस्ती होय.