तोच हा बँड? रॉक मशीन ते इंडस क्रीड



विषय जाहीर झाल्यावर आपल्यातल्याच एका स्नेह्यांनी मला विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून हे रॉकचं काय काढलंत?" सोडलेलं काही नाही. प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे, फक्त उदाहरण गिटारचं घेतलंय.

रॉक मशीन हे नाव किती जणांनी ऐकलंय? तीन हात. आणि इंडस क्रीड? तेच तीन. ऐरोलीच्या या सभागृहात एवढे म्हणजे पुष्कळ झाले. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. 1984 साली मुंबईत रॉक मशीन नावाचा बँड सुरू झाला. 1988 मध्ये 'रॉक अँड रोल रेनिगेड' हा पहिला अल्बम आला आणि 1990 मध्ये 'द सेकंड कमिंग'. 1993 मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं आणि 1995 मध्ये त्याच नावाचा अल्बम काढला. 1997 मध्ये बँड मोडला. 2010 मध्ये मंडळी पुन्हा एकत्र आली आणि 2012 मध्ये 'इव्हॉल्व्ह' आला.

आता माझी बाजू सांगतो, कारण मी इथे थोडा आरोपी आहे. पहिला अल्बम आला तेव्हा माझ्या तर्कशास्त्राच्या वर्गातल्या एका मुलाने त्याची कॅसेट मला ऐकायला दिली. मी एक बाजू ऐकली, तीसुद्धा पेपर तपासता तपासता, आणि परत करताना म्हणालो, "नक्कल आहे रे." तो काही बोलला नाही. नंतर त्याने मला कधी कुठली कॅसेट दिली नाही. गेल्या दोन महिन्यांत मी हे चारही अल्बम नीट, दोन्ही बाजूंनी ऐकले. माझा तो शब्द अर्धा चुकला होता, असं आज माझं मत आहे. कुठला अर्धा, ते सांगतो.

त्या काळी धोबी तलावच्या रंगभवनात बँडची परीक्षा कशावर व्हायची? परदेशी गाणं किती हुबेहूब वाजवता, त्यावर. लोक तेच मागायचे. अशा श्रोत्यांपुढे स्वतः रचलेली गाणी घेऊन उभं राहायचं, ही साधी गोष्ट नव्हती. रॉक मशीनने ते केलं. सूर, ठेका, गिटारची धाटणी पश्चिमेकडून घेतलेली होती, हे खरंच आहे. पण आपल्याकडे शिष्य गुरूच्या जागा जशाच्या तशा घेतो तेव्हा आपण त्याला नक्कल म्हणतो का? तालीम म्हणतो. या मुलांचा गुरू कॅसेटमध्ये होता, समोर बसून चूक दाखवणारा नव्हता. महेश तिनईकर यांची गिटार आज ऐकताना मला त्यातली मेहनत ऐकू येते. 1988 साली ती मला ऐकू आली नाही, कारण माझे कान पेपरांत होते.

आता उरलेला अर्धा. 'रेनिगेड' म्हणजे बंडखोर. ठीक. पण हा बंडखोर राहतो कुठे? कशाविरुद्ध उभा आहे? गिरणी संप 1982 साली सुरू झाला होता, त्यानंतर मुंबईचा चेहरामोहरा बदलत होता. त्या अल्बममध्ये मला ती मुंबई सापडली नाही. तिथल्या बंडाला पत्ता नाही. आणि दोष इंग्रजीचा आहे असं कोणी म्हणू नये. अरुण कोलटकरांनी 'जेजुरी' इंग्रजीत लिहिली, 1976 साली ती पुस्तकरूपाने आली, 1977 मध्ये तिला कॉमनवेल्थ पुरस्कार मिळाला. तिला आपण परकी म्हणत नाही, कारण त्या इंग्रजीला पत्ता आहे. भाषा उसनी असली तरी चालते. राग उसना असला की गाणं पोकळ होतं.

1993 मध्ये नावात सिंधू नदी आली. आता गंमत बघा. तेव्हा नाव बदललं, पण गाभ्याची माणसं तीच होती. 2010 मध्ये नाव तेच राहिलं आणि माणसं बदलली. गायक उदय बेनेगल, तिनईकर आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया हे तिघे जुने. बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे नवे. मग 'तोच हा बँड' असं म्हणायचं की नाही?

मिलिंद राजाला नागसेनाने विचारलं होतं, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? एकेक भाग बाजूला काढला तर रथ हाती लागत नाही. रथ हे आपण त्या जुळणीला दिलेलं नाव. उलट आपले नैयायिक म्हणतील, 'तोच हा देवदत्त' ही ओळख खरी आहे. तिला ते प्रत्यभिज्ञा म्हणतात: पूर्वी पाहिलेलं आणि आता समोर असलेलं एकच आहे, असं ज्ञान. पुन्हा एकत्र आलेल्या बँडचा सगळा बाजार या प्रत्यभिज्ञेवर चालतो. पन्नाशीतला श्रोता तिकीट काढतो ते गाण्यासाठी थोडं आणि 'तोच हा मी' असं स्वतःला सांगण्यासाठी जास्त. त्यात पाप काही नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाला आपण जातोच की. पण स्नेहसंमेलनाची समीक्षा कोणी करत नाही.

इंडस क्रीडची समीक्षा करता येते, कारण त्यांनी आठ नवी गाणी केली. 'इव्हॉल्व्ह'मध्ये जुन्या यशाची उजळणी नाही. आवाज जड आणि काळसर झालाय. पूर्वी बेनेगल वरच्या पट्टीत जाऊन लक्ष वेधून घ्यायचे, इथे ते बऱ्याचदा थांबतात, आवाज आवरतात. मधल्या काळात ते आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले होते, तिथे त्यांनी 'आल्म्स फॉर शांती' हा भारतीय सुरांशी सांधा जोडणारा बँड केला. 'इव्हॉल्व्ह'मध्ये भारतीयपणाची पाटी लावलेली मला दिसत नाही. ती गरजच संपलेली आहे. नवे दोघे जुन्यांच्या जागा भरून काढत नाहीत, आपलं वाजवतात. दोषही सांगतो. आठही गाणी जवळपास एकाच छटेत जातात, आणि ध्वनिमुद्रण इतकं घासूनपुसून केलंय की रस्त्यावरची धूळ त्यात शिरत नाही. पत्ता अजून अर्धवटच लिहिलेला आहे. पण यातली अस्वस्थता उसनी नाही, ती वय झालेल्या माणसांची स्वतःची आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. पुन्हा एकत्र आलेला बँड 'तोच' आहे का, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यांवरून सुटत नाही आणि नावावरूनही सुटत नाही. सुरू केलेलं काम ते पुढे नेतात का, एवढंच पाहावं. उसन्या रागापासून स्वतःच्या अस्वस्थतेपर्यंत येणं, हे काम या लोकांनी चोवीस वर्षांत केलं. त्या अर्थाने तोच हा बँड.

आणि समीक्षकालाही हाच नियम लावावा. 1988 साली एक बाजू ऐकून निकाल देणारा मास्तर आणि आज बोलणारा मी, आम्ही एकच आहोत का? तुम्ही ठरवा. तो विद्यार्थी आज पन्नाशी ओलांडून गेला असेल. हे व्याख्यान त्याच्या कानावर पडलंच, तर एक सांगायचंय: कॅसेटची दुसरी बाजू ऐकली रे बाबा. उशीर झाला.